मांजर आजारी पडलंय हे वेळेत कसं ओळखायचं? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

शाहूपुरीची_सई

नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहते. घरात तीन मांजरं आहेत. एक मोठा बोका, दहा-अकरा वर्षांचा असेल, सांगलीच्या मावशीने मुलाकडे राहायला जाताना आमच्याकडे सोपवला. आणि दोन पिल्लं, पावसात आमच्या गेटखाली येऊन बसली ती बसलीच. कुत्रं आजारी पडलं की लगेच कळतं, कण्हतं, तोंड पाडून आपल्या मागेमागे फिरतं. मांजर पलंगाखाली जाऊन बसतं आणि आपल्याला वाटतं झोपलंय. आजूबाजूला विचारावं तर एकच उत्तर, मांजराला काही होत नसतंय, आपलं आपण बरं होतंय.

मला विचारायचंय ते असं की कुठली लक्षणं दिसली तर एक-दोन दिवस बघत बसलं तरी चालतं आणि कुठल्या वेळी रात्री बारा वाजता सुद्धा डॉक्टरला उठवायचं? आणि आपल्याकडचे निम्मे डॉक्टर गाई-म्हशींच्या मागे गावोगाव फिरत असतात, त्यात मांजर बघणारे तुम्ही कसे शोधता? नेटवर वाचून दमले, सगळं परदेशातलं.

कृष्णाकाठचा_अव्या

सई ताई, चांगला धागा. आम्ही सांगलीत गावभागात, घरात कायम चार-पाच मांजरं. आमच्या आईचा नियम एकच, खाण्याची वाटी आणि शी-लघवीच्या ट्रेमधली वाळू बघायची. वाटीत किती उरलं, वाळूत लघवीचे गोळे किती आणि केवढे. जो रोज वाळू साफ करतो त्यालाच पहिलं कळतंय, बाकीच्यांना मांजर दिसतंय तेवढंच.

भडंगप्रेमी

आमची गुंडी एरवी ओळखसुद्धा दाखवत नाही. ती आपणहून मांडीवर येऊन बसली की घरातले सगळे घाबरतात आणि गाडीची किल्ली शोधतात 😄

मिरजेची_माऊ

@भडंगप्रेमी हसलात पण खरं लक्षण आहे ते. लाडाचं मांजर एकदम लांब राहायला लागलं किंवा फटकून वागणारं एकदम चिकटायला लागलं, दोन्हीत काहीतरी बिनसलेलं असतं. तसंच अंग चाटणं बंद होणं. मांजराची पाठ तेलकट, केसांच्या चिकट बटा झालेल्या दिसल्या की समजायचं त्याला बरं नाही नाहीतर तोंड दुखतंय.

औंधचे_मास्तर

मंडळी, माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या वाड्यात पन्नास वर्षं मांजरं होती. दूध-भाकरी खायची, उंदीर धरायची, जखम झाली तर आजी हळद-तेल लावायची. डॉक्टर फक्त बैलासाठी यायचा. आता मांजराच्या रक्त तपासण्या, मांजराची सोनोग्राफी. माणसाच्या म्हाताऱ्या आईबापाला एवढं कोण करत नाही. प्राण्याला निसर्गावर सोडावं.

मिरजेची_माऊ

मास्तर, मान ठेवून सांगते. वाड्यात मांजरं पन्नास वर्षं *होती*, पण तेच एक मांजर किती वर्षं होतं? दर पावसाळ्यात निम्मी पिल्लं जायची आणि पुढच्या वेताला परत नवीन यायची, म्हणून वाडा कधी रिकामा दिसला नाही. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षं आरामात जगतं.

आणि दूध-भाकरीबद्दल. तुमच्या मांजरांना उंदीर मिळत होते म्हणून ती दूध-भाकरीवर निभावली. मांजराला टॉरिन नावाचा घटक लागतो, तो मांसातच असतो, आणि मांजराचं शरीर तो स्वतः पुरेसा तयार करू शकत नाही. तो मिळाला नाही तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय मोठं होऊन निकामी होतं. हृदयाचं हे कारण 1987 मध्ये अमेरिकेत सापडलं, त्यानंतर पॅकेटच्या खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला नुसती दूध-पोळी घातली तर त्याचा उंदीर कुठून येणार? शिवाय मोठ्या मांजराला दूध पचतच नाही बहुतेक वेळा, जुलाब होतात आणि लोक म्हणतात जंत झालेत.

औंधचे_मास्तर

उंदराचा मुद्दा मान्य. हा विचार केला नव्हता. बाकी मतावर ठाम आहे.

पशुवैद्य_कोरेगाव

मी याच जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, दिवसाचा बराच वेळ गोठ्यातच जातो हे सई ताईंचं खरं आहे. पण मांजरं वाढलीत, गेल्या काही वर्षांत तर खूपच. तर थोडं सविस्तर लिहितो.

मांजर दुखणं लपवतं. ते शिकार करणारं आहे तसंच मोठ्या जनावरांचं भक्ष्यही आहे, त्यामुळे अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. म्हणून तुम्हाला लक्षण दिसतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

रात्री उठवायची कारणं सांगतो. बोका सारखा वाळूत जाऊन कुंथतोय आणि लघवी होत नाही किंवा थेंब-थेंब होते, हे सगळ्यात पहिलं. मांजर तोंड उघडं टाकून कुत्र्यासारखं धापतंय, हे दुसरं. झोपलेल्या मांजराची छाती मिनिटाला साधारण 30 च्या आत वर-खाली होते, झोपेत सतत त्याच्या वर जात असेल तर श्वासाचा त्रास आहे. फिट येणं, मागचे पाय एकदम लुळे पडणं आणि गार लागणं, हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा तपकिरी दिसणं, विष खाल्ल्याचा संशय. यात सकाळची वाट बघायची नाही.

मोठं मांजर पूर्ण 24 तास काहीच खात नसेल तर दुसऱ्या दिवशी दाखवाच. जाड मांजराचं तर फार सांभाळायचं, ते दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साठते आणि मूळ आजार राहतो बाजूला, लिव्हरच बसतं. पिल्लाला 24 तास पण नाही, अर्धा दिवस खाल्लं नाही तर निघायचं.

थांबून बघण्यासारखं म्हणजे एखादी उलटी, केसांचा गोळा पडणं, एखादा पातळ जुलाब पण मांजर खेळतंय-खातंय, थोड्या शिंका. यात दिवसभर बघा, वाढलं तर या.

शाहूपुरीची_सई

डॉक्टर, खूप आभार. स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला. पिल्लांच्या डोळ्याला पिवळी चिकट घाण येते आणि दोघं शिंकतात. खातायत, पळतायत.

पशुवैद्य_कोरेगाव

पिल्लांची सर्दी बहुतेक हर्पिस किंवा कॅलिसी व्हायरसची असते, वर बॅक्टेरिया बसतात. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने डोळे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस. नाक चोंदलं की वास येत नाही आणि वास आला नाही की मांजर खात नाही, म्हणून खाणं थोडं कोमट करून द्या. पण दाखवून घ्या, डोळ्यात माणसाचे स्टिरॉइडचे थेंब अजिबात घालू नका, बुबुळाला जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

वाईची_गौरी

लसीचं मी लिहिते कारण आमच्याकडे गल्लीत एका आठवड्यात पिल्लं दगावण्याची रांग लागली होती. पॅनल्यूकोपेनिया. लोक याला 'मांजरांचा पार्वो' म्हणतात. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं, पाणी पीत मात्र नाही, पिवळ्या फेसाची उलटी, मग जुलाब, आणि अंग गार पडत जातं. आमच्याकडचं एक वाचलं, पहिल्याच दिवशी सलाईन लागलं म्हणून.

लस सहा ते आठ आठवड्यांना पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. लोक एक डोस देतात आणि झालं म्हणतात, तसं नसतं, आईच्या दुधातून आलेलं संरक्षण आधीच्या डोसचं काम अडवू शकतं म्हणून शेवटचा डोस महत्त्वाचा. तीच लस सर्दीच्या दोन व्हायरसवर पण असते. रेबीजची वेगळी, तीन महिन्यांनंतर.

आणि ज्यांच्या घरात या रोगाने पिल्लू गेलंय त्यांनी लगेच नवीन बिनलशीचं पिल्लू आणू नका. हा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकतो.

भडंगप्रेमी

फिनाईलने पुसून घेतलं की जातो ना?

वाईची_गौरी

नाही हो, फिनाईलने भरवसा नाही, उलट फिनाईलच मांजराला घातक. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी, आधी फरशी साबणाने धुवायची, मग हे लावून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग साध्या पाण्याने धुवून सुकवायचं. मांजर तोपर्यंत दुसऱ्या खोलीत. आणि ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी गॅस होतो.

पशुवैद्य_कोरेगाव

गौरी ताई बरोबर. फिनाईल, डेटॉल यातले फिनॉल जातीचे पदार्थ मांजराच्या लिव्हरला मोडता येत नाहीत. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, सगळं पोटात जातं. जखम डेटॉलने धुणारे दर महिन्याला भेटतात. मिठाचं कोमट पाणी वापरा, अर्धा लिटरला एक छोटा चमचा मीठ.

आणि याच कारणाने पॅरासिटामॉल. हे मी जाड अक्षरात लिहितोय. मांजराला ताप आहे म्हणून अर्धी गोळी देतात, अगदी प्रेमाने देतात. मांजरासाठी याचा सुरक्षित डोस नाही. 500 ची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं, हिरड्या चॉकलेटी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. दिली गेली असेल तर लपवू नका, कधी आणि किती दिली ते डॉक्टरला सांगा, वेळेत आलात तर उतारा आहे.

उसातला_पाटील

आमी वाळवा तालुक्यातलं. रानात वस्तीवर मांजर नसंल तर भुईमूग, मका काय राहत न्हाई, त्यामुळं मांजर आमच्या कामाचं. पण उसात उंदरासाठी औषध टाकत्यात त्येनं मांजरं जात्यात. मेल्याला उंदीर खाल्ला का गेलंच. यावर काय करायचं? शेजारच्याला सांगून ऐकत न्हाईत.

पशुवैद्य_कोरेगाव

पाटील, मुख्यतः दोन जातीचं औषध असतं आणि डबा किंवा पाकीट जपून ठेवायला शेजाऱ्याला सांगा, कारण उपचार त्यावर ठरतो. एक ब्रोमॅडिओलोन, ती वडी मिळते. त्यात रक्त गोठत नाही आणि लक्षणं लगेच नाही तर तीन-चार दिवसांनी येतात, नाकातून रक्त, धाप, पोटात रक्त. त्याला व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, पण आठवडे चालवावा लागतो, मांजर हुशार दिसलं म्हणून मधेच सोडायचा नाही. दुसरं झिंक फॉस्फाईड, काळी पावडर. ती पोटात गेली की विषारी गॅस तयार होतो. त्याला थेट उतारा नाही, जितक्या लवकर आणाल तितकं बरं. मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका.

शेजारी औषध टाकणार असेल त्या काळात मांजराला रात्री घरात कोंडा आणि पोटभर खायला घाला. उपाशी मांजरच मेलेला उंदीर उचलतं.

उसातला_पाटील

ह्ये बेस सांगितलंसा. पोटभर घातलं तर उंदीर धरील का पण?

कृष्णाकाठचा_अव्या

धरतंय धरतंय. पोट भरल्याली मांजरं पण शिकार करत्यात, खात न्हाईत, उशाशी आणून ठेवत्यात 😀

नवी_सून_विटा

विषय थोडा वेगळा आहे पण इथेच विचारते. मला तिसरा महिना आहे. सासूबाई म्हणतायत मांजर सोडून द्या, बाळाला धोका असतो, कोणीतरी त्यांना डॉक्टरचा व्हिडिओ पाठवलाय. मांजर माझं लग्नाआधीचं आहे, माहेराहून सोबत आणलंय. काय करू कळत नाही, दोन दिवस रडतेय.

मिरजेची_माऊ

अगं रडू नकोस. सोडायची काहीही गरज नाही. तो रोग टॉक्सोप्लाझ्मोसिस. मांजराला तो पहिल्यांदा लागला की साधारण एक-दोन आठवडेच त्याच्या शीतून जंतूची अंडी बाहेर पडतात, आयुष्यभर नाही. आणि ती पडल्यावर लगेच लागत नाहीत, किमान एक दिवस तरी जावा लागतो. म्हणून वाळू रोज साफ करायची आणि ती तू नाही, नवऱ्याने करायची. घरातच राहणाऱ्या, कच्चं मटण न खाणाऱ्या मांजराकडून धोका फार कमी. कच्चं-अर्धकच्चं मटण, न धुतलेली भाजी आणि मातीत हात घालणं, यातून जास्त लोकांना लागतो. कुंडीतली माती कालवताना मोजे घाल. तुझ्या स्त्रीरोग तज्ज्ञांना टॉक्सोच्या रक्त तपासणीबद्दल विचार, त्या सांगतील.

पशुवैद्य_कोरेगाव

+1. सासूबाईंना तपासणीचा कागद दाखवा, भांडणापेक्षा तो लवकर पटतो.

औंधचे_मास्तर

सूनबाई, सासूबाईंना माझा निरोप द्या की मास्तर म्हणाले मांजर राहू दे. आमच्या घरात सात बाळंतपणं मांजरांच्या संगतीत झाली.

राहुल_करंजे

मध्येच बोलतोय सॉरी. आमचा बोका (मन्या, 4 वर्षं, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं) सकाळपासून सारखा वाळूत जाऊन बसतोय, जोर करतोय, काही होत नाही. बद्धकोष्ठ झालंय वाटतं. एरंडेल देऊ का चमचाभर? फक्त कोरडं खाणं खातो तो. दुपारपासून जेवला नाही, एकदा उलटी केली.

मिरजेची_माऊ

राहुल एरंडेल नाही!! वरचं डॉक्टरांचं पहिलं कारण वाच. लघवी अडकली असणार. आत्ता निघ.

कृष्णाकाठचा_अव्या

भावा निघ. पोट दाबून बघू नको अजिबात.

पशुवैद्य_कोरेगाव

राहुल, शी अडकली का लघवी ते घरी बसून ओळखण्यात वेळ घालवू नका. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते, खडे किंवा चिकट बुळबुळीत पदार्थाने बंद होते. पूर्ण बंद झाली तर मूत्राशय भरून कडक होतं, रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि त्यानेच हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. उलटी सुरू झाली म्हणजे विष अंगात भिनायला लागलंय. तुम्ही साताऱ्यात आहात, जवळच्या दवाखान्यात आधी फोन करा आणि हे दोनच शब्द सांगा, 'बोका, लघवी बंद'. कॅथेटर (लघवी काढायची बारीक नळी) आहे का विचारा. नसेल तर तिथे थांबू नका, पुढे जा. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे, खंबाटकीच्या पलीकडे, पण रात्रीच्या वेळी निघण्याआधी फोन लावूनच निघा.

राहुल_करंजे

निघालो. बायको गाडी चालवतेय. टॉवेलमध्ये गुंडाळलाय.

शाहूपुरीची_सई

राहुल दादा कळवा नक्की. काही मदत लागली तर मी गावातच आहे, मेसेज करा.

भडंगप्रेमी

गणपती बाप्पा मोरया. वाट बघतोय.

कृष्णाकाठचा_अव्या

तोपर्यंत एक लिहून ठेवतो, राहुलची बायको गाडी चालवत होती आणि मांजर टॉवेलमध्ये होतं त्यावरून आठवलं. प्रत्येकाने पिंजरा घ्या, प्लास्टिकचा प्रवासाचा, वरून उघडणारा असेल तर उत्तम. आम्ही 2019 चा महापूर बघितलाय. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची पातळी 45 फूट, त्या ऑगस्टला पाणी 57 च्या पुढे गेलं. बोटीत माणसं कशीबशी चढत होती आणि घाबरलेलं मांजर हातात धरणं शक्य नव्हतं, ओरबाडून पळून जायची. पोत्यात घालून नेली काहींनी. आता पिंजरा घरात कायम उघडा ठेवलेला असतो, आत जुनी साडी, मांजरं त्यातच झोपतात. त्यामुळे दवाखान्याला न्यायचं म्हटलं की नुसतं दार लावायचं. फक्त डॉक्टरकडे जाताना माळ्यावरून काढला तर पिंजरा बघूनच मांजर कपाटामागे जाणार.

वाईची_गौरी

हे सोन्यासारखं सांगितलंत. पुराच्या वेळी लसीचं कार्ड पण प्लास्टिकच्या पिशवीत त्याच पिंजऱ्याला बांधून ठेवा.

राहुल_करंजे

मन्या जिवंत आहे. रात्री भूल देऊन कॅथेटर घातलं, लालभडक लघवी निघाली. सलाईनवर ठेवलाय. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं. तुम्हा सगळ्यांचे उपकार कसे फेडू कळत नाही. हात अजून थरथरतायत.

भडंगप्रेमी

बाबौ! मन्या नाद खुळा! पेढे पायजेत, साताऱ्याचे कंदी.

उसातला_पाटील

लई भारी झालं गड्या. धागा वाचताना जीव वर आलता.

पशुवैद्य_कोरेगाव

छान. आता पुढचं नीट ऐका, हे परत होऊ शकतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. नळी काढल्यावर घरी आला की रोज वाळूतले लघवीचे गोळे मोजा. कोरडं खाणं एकदम बंद करू नका, हळूहळू ओल्यावर आणा, डॉक्टरांनी लघवीसाठीचं खास खाणं दिलं असेल तर फक्त तेच, वर सुकट-बोंबील नाही. मांजराला दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली पाणी लागतं, खाण्यातलं धरून, म्हणजे चार किलोच्या मांजराला 200 मिलीच्या आसपास. कोरड्या दाण्यात पाणी जवळजवळ नसतंच आणि मांजराला तहान कमी कळते. चिकन उकडलेलं पाणी, मीठ-हळद-कांदा-लसूण काही न घालता, ते आवडीने पितात. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, रस्सा घालू नका.

ताणतणावानेही लघवीचा त्रास होतो. घरात रंगकाम, पाहुणे, नवीन मांजर असं काही झालं होतं का?

राहुल_करंजे

शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, महिनाभर ड्रिलचा आवाज. आणि खिडकीत एक बाहेरचा बोका येऊन बसतो.

पशुवैद्य_कोरेगाव

त्या खिडकीला खालून कागद चिकटवा. खरंच.

मिरजेची_माऊ

बाहेरच्या बोक्यांवरून आठवलं, ज्यांचे बोके फिरतात त्यांनी नसबंदीचं ऑपरेशन कराच. मारामारीत चावल्याची जखम वरून दोन बारीक भोकं दिसते, एका दिवसात बुजते आणि आत पू होतो. तीन-चार दिवसांनी गालावर नाहीतर शेपटीच्या मुळाशी लिंबाएवढी गाठ, अंगात ताप. हळद लावून वरून बंद केली तर आतलं आणखी वाढतं. आणि चावण्यातूनच बोक्यांना एफआयव्ही नावाचा व्हायरस लागतो, तो माणसाला लागत नाही पण बोक्याची प्रतिकारशक्ती घालवतो.

मादीचं तर विचारूच नका. चार महिन्यांची भाटी गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच परत राहते. पाच-सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन केलं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूप कमी होतो आणि पिशवीत पू होण्याचा प्रश्नच राहत नाही. 'एकदा तरी वेत होऊ द्यावं' याला काही आधार नाही.

नवी_सून_विटा

आमच्या मनीच्या पाठीमागे पांढरे दाणे चिकटलेले दिसतात, हलतात पण. हे काय?

पशुवैद्य_कोरेगाव

भाताच्या शितासारखे असतील तर टेपवर्म. तो पिसवा गिळल्याने होतो, म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवा पण घालवायला लागतात. पण लक्षात ठेवा, कुत्र्याच्या मानेवर सोडायचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला झटके येऊन जातं. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन बघून घ्यायचं. तुम्ही गरोदर आहात, औषध लावायचं काम पण घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या.

शाहूपुरीची_सई

आता माझ्या मूळ बोक्याकडे येते. त्याचं नाव सरदार. राहुल दादांचं वाचून मी पण गोळे बघायला लागले. त्याचे गोळे मोठे आणि खूप आहेत. आणि बाथरूममध्ये पुढचे दोन पाय बादलीच्या काठावर ठेवून, मान आत घालून पाणी पितो, खूप वेळ. पाठीचा कणा हाताला लागतो आता. खाणं मात्र बरं आहे.

पशुवैद्य_कोरेगाव

दाखवा या आठवड्यात. म्हातारं मांजर जास्त पाणी पितं, जास्त मुततं, वजन उतरतं, यात तीन गोष्टी बघायच्या असतात, किडनी, मधुमेह आणि थायरॉइड. रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला सांगा, नुसतं क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) नाही, कारण किडनीचं बरंचसं काम गेल्याशिवाय ते चढत नाही. बीपी मोजायची सोय असेल तर तेही. आणि बादलीतलं पाणी तोडू नका, तहान आहे म्हणून पितोय, पाणी तोडलं तर किडनी आणखी बसेल.

औंधचे_मास्तर

सरदारला एकदा तपासून आणा हो. नाव सरदार ठेवलंय, तर त्याचा मान ठेवा.

शाहूपुरीची_सई

मास्तर 🙏 घेऊन गेले होते. किडनीच निघाली, सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्याच्या मध्ये आहे म्हणाले. बरी होत नाही पण किडनीचं खाणं, पाणी आणि ठराविक दिवसांनी तपासणी यावर बरीच वर्षं निघू शकतात असं सांगितलं. डॉक्टर कसा शोधला ते पण लिहिते म्हणजे माझ्याच प्रश्नाचं उत्तर होईल. फोनवर सरळ विचारलं की मांजराची लघवी तपासता का, रक्त काढता का, कॅथेटर आहे का, रात्री फोन उचलता का. दोघांनी स्वच्छ सांगितलं की आम्ही गुरंच बघतो, मांजर तिसऱ्याकडे न्या. त्या तिसऱ्याचा नंबर त्यांनीच दिला. म्हणजे गुरांच्या डॉक्टरांना माहीत असतं कोण मांजर बघतं.

पशुवैद्य_कोरेगाव

असंच करा सगळ्यांनी, मांजर धडधाकट असतानाच. 1962 हा फिरत्या पशुवैद्यकीय गाडीचा नंबर आहे, पण ती सेवा मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुरांसाठी, मांजरासाठी त्या भरवशावर बसू नका. दुसरं, मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात दाखवा. घरचंच आहे म्हणून सोडू नका.

राहुल_करंजे

मन्या घरी आला. खिडकीला कागद लावला. लघवी धारेने होतेय. पेढे कुणाकुणाला पाठवायचे पत्ता द्या 😊

शाहूपुरीची_सई

अभिनंदन!! शेवटचं एक विचारते. पिल्लांना सर्दीसाठी डॉक्सिसायक्लिनची गोळी दिलीय, पाव गोळी. थुंकून टाकतात. खाण्यात घातली तर तेवढंच बाजूला काढतात. आज रात्रीची द्यायची आहे.

पशुवैद्य_कोरेगाव

मेडिकलमधून सिरप करून मिळतं का डॉक्टरांना विचारा. गोळीच द्यायची असेल तर पिल्लाला टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळा, डोकं वरून गालांच्या हाडांना धरून किंचित मागे करा, खालचा जबडा बोटाने खाली ओढा आणि गोळी जिभेच्या अगदी मागे टाका. मग तोंड मिटून गळ्यावरून बोट फिरवा. आणि त्यानंतर सुईशिवायच्या सिरिंजने दोन-तीन मिली पाणी गालाच्या बाजूने हळूहळू द्याच, लगेच वर थोडं खायला पण. ही गोळी कोरडीच अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते आणि पुढे नळी आकसते. बऱ्याच जणांना हे सांगितलंच जात नाही.

शाहूपुरीची_सई

सिरिंज आणायला नवरा निघाला. एक दिली गेली, पाणी पण. दुसरं कपाटावर बसलंय.